हाडात तार घातल्यावर: ती निघेपर्यंत घरी काय सांभाळायचं

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडे कोपर मोडलेली मुलं यायला लागतात. कुणी आंब्यावरून पडलेलं, कुणी गच्चीच्या कठड्यावरून, कुणी मोठ्या भावाच्या सायकलवरून. पडताना हात पुढे टेकतो आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. पाच ते सात या वयात हे फार होतं. हाड जागेवरून सरकलं असेल तर मुलाला भूल देऊन ते बसवतात आणि दोन-तीन तारा घालतात. आजीचं मनगट असो, कामगाराचं बोट असो, तिथेही बऱ्याचदा तारच.

मी तालुक्याच्या गावातल्या एका अस्थिरोग रुग्णालयात ड्रेसिंग-प्लास्टरच्या खोलीत सिस्टर आहे. तार घालायचं काम डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात करतात. पुढचे तीन ते सहा आठवडे मात्र ती तार घरच्यांच्या ताब्यात असते, आणि डिस्चार्ज कार्डावर त्याबद्दल दोन ओळी असतात. त्या दोन ओळींत न मावणारं सगळं इथे लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल तर त्यांचंच ऐकायचं. हाड त्यांनी पाहिलंय.

ही तार असते कशी

हिला सगळे के-वायर म्हणतात. स्टेनलेस स्टीलची, सरळ, गुळगुळीत, टोकाला तीन धारांची अणी. जाडी बोटासाठी एक मिलिमीटरच्या आसपास, मुलाच्या कोपरासाठी साधारण १.५ ते २ मिलिमीटर. ऑपरेशनच्या खोलीत सी-आर्मच्या, म्हणजे फिरत्या एक्स-रे यंत्राच्या, पडद्यावर हाड बघत बघत ड्रिलनं ती कातडीतून थेट हाडात घालतात. चिरा नाही, टाके नाहीत. बाहेर राहिलेलं टोक वाकवून ठेवतात, म्हणजे तार आत सरकत नाही. तिला आटे नसतात, त्यामुळे काढताना ती सहज निघते. मुलांच्या हाडाचा वाढीचा भाग ओलांडून घालावी लागली तरी गुळगुळीत तारेनं तिथे सहसा इजा होत नाही.

नातेवाईक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "सिस्टर, आत गंजणार नाही ना?" नाही. या स्टीलमध्ये क्रोमियम असतं, त्याचा पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि शरीरातल्या खारट पाण्यातही तार टिकते. दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: "प्लेट महाग म्हणून तार टाकली का?" तसं समजू नका. मुलाच्या कोपराला तारच योग्य. मोठ्यांच्या मनगटाबद्दल ब्रिटनमध्ये ४६१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, तो २०१४ साली छापून आला. बाहेरूनच हाड बसवता येत असेल तर वर्षभरानंतर तारेचा हात आणि प्लेटचा हात यांच्या कामात फरक दिसला नाही. हाडाचा चुरा झाला असेल, सांध्याचा पृष्ठभाग फाटला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे प्लेट लागते.

पू हा तारेचा जुना शत्रू

ड्रेसिंगबद्दल मी इतकी कडक का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल. मोडलेलं हाड तारेनं बांधायची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्समधल्या तुलूझच्या सर्जननी तसं केल्याची नोंद १७७५ सालच्या एका वादात सापडते. वाद होणारच, कारण त्या काळी कातडीतून हाडापर्यंत वाट उघडली की पू व्हायचा, हात-पाय कापावा लागायचा, माणूस जायचा. तार होती, हात कसलेले होते, पण जंतू असतात हेच ठाऊक नव्हतं.

ते बदललं इंग्रज सर्जन जोसेफ लिस्टर यांच्यामुळे. कार्बोलिक आम्लानं जखम, हत्यारं, हात सगळं धुऊन घ्यायचं हा त्यांचा आग्रह. १८७७ साली लंडनमध्ये त्यांनी गुडघ्याची फुटलेली वाटी चांदीच्या तारेनं जोडली. गुडघ्याचा सांधा मुद्दाम उघडणं हे तेव्हाच्या डॉक्टरांना अविचाराचं वाटलं होतं. जखम पू न होता भरली. तार तीच जुनी. नवीन होती ती स्वच्छता.

पुढे १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि कातडी न उघडता हाड दिसायला लागलं. १९०७ साली स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ स्टाइनमन यांनी पाय ताणून ठेवण्यासाठी हाडातून जाड खिळा घातला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९०९ मध्ये, जर्मन सर्जन मार्टिन किर्शनर यांनी त्याच कामासाठी बारीक तार आणली. के-वायरमधला 'के' त्यांचाच. तार बारीक म्हणजे कातडीतलं भोक लहान, आणि भोक लहान म्हणजे जंतूंना वाट लहान. पुढे वजन लावून ताणण्यापुरती असलेली तीच तार तुटलेले तुकडे जागेवर धरायला वापरात आली.

तुमच्या घरी जी तार आली आहे तिलाही ही वाट आहेच. एक टोक हवेत, दुसरं हाडात. मधल्या तेवढ्याशा भोकाची राखण तुम्हाला करायची आहे.

पहिले दोन दिवस

पहिल्या दोन दिवसांत तारेपेक्षा बोटांकडे लक्ष द्या. कच्च्या प्लास्टरच्या, म्हणजे हाताच्या एका बाजूला लावून वरून बँडेजनं गुंडाळलेल्या प्लास्टरच्या, आत सूज वाढते, आणि प्लास्टर ताणलं जात नाही. हात उशांवर, छातीच्या वर राहील असा ठेवा. झोळीत लोंबता ठेवून मुलाला गावभर फिरवू नका. दर दोन तासांनी बोटं बघा: गुलाबी आहेत का, गरम आहेत का, नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो का. नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर नखाचा रंग कळत नाही; नेलपॉलिश पुसून टाका, मेंदी असेल तर बोटाच्या पेराचं टोक दाबून बघा.

नसा तपासायला मुलांशी खेळ खेळायचा. दगड, कागद, कात्री हा खेळ सगळ्यांना येतो. दगडासाठी मूठ वळते, कागदासाठी बोटं आणि मनगट सरळ होतं, कात्रीसाठी दोन बोटं फाकतात. हाताच्या तीन मोठ्या नसांची ही तीन कामं. मग अंगठा आणि पहिलं बोट टोकाला टोक लावून गोल करायला सांगा, 'एकदम मस्त' म्हणताना करतो तसा. तो गोल चपटा होत असेल, अंगठ्याचं टोक वाकत नसेल, तर चौथी बारीक नस दुखावलेली असू शकते. हे ऑपरेशनच्या आधीपासूनही असतं आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप भरून येतं, पण डॉक्टरांना कळलं पाहिजे. काल जमत होतं आणि आज जमत नाही, असं असेल तर फोन लगेच.

एका गोष्टीला मात्र सकाळची वाट बघायची नाही. औषध देऊनही ठणका वाढतच चाललाय, मूल कशानंच शांत होत नाही, आणि तुम्ही त्याची बोटं हळूच सरळ करायला गेलात की किंचाळतं. हे लाड नाहीत. आत दाब वाढून स्नायूंचं रक्त तुटत असल्याची ही खूण आहे. काही तासांत स्नायू कायमचे निकामी होतात, बोटं आखडून पंजासारखी राहतात. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. निघताना रुग्णालयात फोन करा. ते सांगतील तर वरचं बँडेज कात्रीनं लांबीच्या बाजूनं कापून सैल करा, आतलं कच्चं प्लास्टर आधाराला तसंच ठेवा.

ड्रेसिंग

आधी विचारा: घरी उघडायचं आहे का? मुलाच्या कोपराचं ड्रेसिंग बरेच डॉक्टर तार काढेपर्यंत उघडूच देत नाहीत, फक्त आठवड्यानं एकदा बघायला बोलावतात. तसं असेल तर उत्सुकतेपोटी आत डोकावू नका. बोटाची किंवा मनगटाची तार उघडी असेल आणि घरी करायला सांगितलं असेल, तर असं करा.

दिवसा, उजेडात, पंखा बंद करून बसा. पंख्यानं धूळ उडते. एका स्वच्छ ताटात निर्जंतुक गॉजची न उघडलेली पाकिटं, सलाइनची छोटी बाटली आणि चिकटपट्टी मांडून घ्या. अंगठ्या, बांगड्या काढा, हात साबणानं कोपरापर्यंत धुवा, हवेत वाळू द्या. साडीच्या पदराला किंवा टॉवेलला पुसलेत की धुतलेलं वाया.

जुनं गॉज चिकटलं असेल तर ओढायचं नाही. त्यावर सलाइन सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, ते सुटतं. नवीन गॉज सलाइनमध्ये भिजवा आणि तारेला लागून कातडीवर ठेवा, मग तारेपासून बाहेरच्या बाजूला पुसत या. बाहेरून तारेकडे कधीच नाही. एका तारेला एक गॉज. दुसऱ्या तारेला तेच वापरलंत तर एकीचे जंतू दुसरीला. कापूस वापरू नका, त्याचे धागे तारेभोवती अडकतात आणि तिथेच कुजतात. ओली, मऊ पडलेली खपली पुसताना निघाली तर निघू दे. घट्ट चिकटलेली नखानं किंवा पिनेनं उकरायची नाही. मग कोरड्या गॉजनं टिपून घ्या, दुसरं कोरडं गॉज तारेच्या वाकलेल्या टोकाखाली सरकवा, म्हणजे टोक कातडीत रुतत नाही, आणि वरून सैल पट्टी.

रोज करायचं की आठवड्यातून एकदा, सलाइननं की बेटाडीननं, याबद्दल डॉक्टरांमध्ये एकमत नाही, आणि अभ्यासांतूनही एकच पद्धत सरस ठरलेली नाही. त्यामुळे शेजारच्या मुलाला वेगळं सांगितलं म्हणून गोंधळू नका. फोडलेली सलाइनची बाटली चोवीस तासांनंतर टाकून द्या.

आणि हळद नाही. तेल नाही, तूप नाही, टाल्कम पावडर नाही, देवाचा अंगारा नाही. हळद पोटात घ्या, दुधात घ्या, मला आनंद आहे. तारेच्या भोकात गेलेली कुठलीही पूड हाडाच्या दारात बसते. भोकाभोवती पिवळी झालेली कातडी पू आहे की हळद, हे मलाही पटकन ओळखता येत नाही, आणि मग नको ती काळजी आणि नको तो उशीर.

प्रत्येक ड्रेसिंगच्या वेळी मोबाइलवर एक फोटो काढा, त्याच बाजूनं, त्याच उजेडात. यातून दोन गोष्टी कळतात: लाली पसरतेय का, आणि तारेचं बाहेरचं टोक तेवढंच आहे का. फोनवर "थोडं लाल झालंय" ऐकून आम्हाला काही ठरवता येत नाही. चार दिवसांचे चार फोटो समोर आले की ठरवता येतं.

आंघोळ, शाळा, झोप

हात पाण्यात जायचा नाही. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी चढवून वरच्या तोंडाशी चिकटपट्टी लावा, तरीही हात बादलीपासून लांब, वर धरलेला. पिशवी पाणी अडवेलच यावर भरवसा ठेवू नका. विहीर, नदी, शेततळं तार निघून भोक भरेपर्यंत बंद. पावसात प्लास्टर भिजलं तर घरी वाळवत बसू नका, बदलून घ्या. घाम येतो, खाज सुटते. प्लास्टरच्या आत विणकामाची सुई किंवा फूटपट्टी घालून खाजवलेल्या जखमा मी फार बघितल्यात. केसांच्या ड्रायरची थंड हवा सोडा, बरं वाटतं.

मूल शाळेत जाऊ शकतं, मैदानावर नाही. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या. तंबाखू, विडी आणि मिश्री यांनी हाड जुळायला उशीर होतो. मनगट मोडलेल्या आज्या मिश्री सोडायला तयार होत नाहीत, पण निदान तेवढे सहा आठवडे तरी सोडावी, असं मी हात जोडून सांगते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा, नाहीतर भोकात पू व्हायला वेळ लागत नाही.

कधी पळायचं

पहिले दोन-तीन दिवस पाण्यासारखा किंवा गुलाबीसर स्राव येणं ठीक आहे. त्यानंतर घट्ट पिवळा पू, वास, दिवसेंदिवस पसरणारी लाली, हात लावला तर सहन न होणं, ताप, किंवा तार हलवल्यावर सैल लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. लवकर दाखवलं तर बहुतेक वेळा नीट ड्रेसिंग आणि गोळ्यांवर भागतं. उशीर केला तर पू हाडात उतरतो आणि मग महिने जातात.

तार पूर्ण बाहेर आली तर परत ढकलू नका. भोकावर निर्जंतुक गॉज ठेवा, तार पिशवीत घालून सोबत आणा. उलट तार कातडीखाली गेली, टोक दिसेनासं झालं, तर हात न हलवता या. खांद्याजवळच्या तारांबद्दल हे विशेष सांगते: तिथली सुटी तार सरकत सरकत छातीत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणूनच टोक वाकवतात, आणि म्हणूनच "दुखत नाही, मग कशाला जायचं" म्हणून तपासणी चुकवायची नाही.

तार काढायचा दिवस

मुलाच्या कोपराची तार साधारण तीन ते चार आठवड्यांनी निघते. बोटाची तीन-चार, बोटाचं शेवटचं पेर लोंबणाऱ्या दुखापतीत सहा, मोठ्यांच्या मनगटाची पाच-सहा. आधी एक्स-रे काढतात. हाडाभोवती धुरकट पांढरी सावली दिसली की नवीन हाड धरलंय. तारीख आवडत नाही म्हणून लवकर काढायचा हट्ट करू नका, आणि पीक काढणीत अडकलात म्हणून दोन महिने लांबवू नका. तार जितकी जास्त दिवस, तितका पू व्हायचा धोका जास्त.

भूल लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं दुखणं कमी करायचं औषध घरून निघताना अर्धा तास आधी द्या. मुलाला "काही होणार नाही" असं खोटं सांगू नका. त्याचा विश्वास उडतो आणि पुढच्या वेळी ते दारातूनच मागे फिरतं. मी सांगते, "बाळा, ओढल्यासारखं होईल, दहापर्यंत मोज." बहुतेकांचं पाच-सहापर्यंत होऊन जातं. पक्कडीनं वाकलेलं टोक धरायचं, किंचित फिरवायचं, सरळ रेषेत ओढायचं. रक्ताचे दोन-चार थेंब येतात, गॉजनं पाच मिनिटं दाबलं की थांबतात. आई-वडिलांपैकी ज्याला बघवतं त्यानंच आत यावं. मुलं तारेपेक्षा आईच्या चेहऱ्याकडे बघून रडतात.

जेवढ्या तारा घातल्या तेवढ्याच निघाल्या का, ते मोजा. कार्डावर आकडा लिहून घ्या. आम्ही मोजतोच, तुम्हीही मोजा.

त्यानंतरचा कोपर

प्लास्टर निघाल्यावर कोपर ताठ असतो, आई घाबरते, आणि इथेच चांगलं झालेलं ऑपरेशन बिघडवलं जातं. हाडवैद्याकडे नेऊन मालिश, गरम तेल, बादली उचलायला लावणं, दोघांनी धरून हात जबरदस्तीनं वाकवणं. कृपा करून करू नका. कोपराभोवतीचे स्नायू असे दुखावले की त्यांच्यात हाड धरू शकतं, आणि मग हात खरोखरच अडकतो. लहान मुलाला फक्त वापरू द्या: स्वतःच्या हातानं जेवणं, केस विंचरणं, सदऱ्याची बटणं लावणं. काही आठवड्यांत बराचसा कोपर सुटतो, उरलेला पुढच्या काही महिन्यांत. मोठ्यांचं तसं नसतं. त्यांना व्यायाम शिकून घ्यावेच लागतात, आणि मनगट मोडलेल्यानं बोटं व खांदा पहिल्या दिवसापासून हलवायला हवेत, नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा अडकतो.

आत राहणाऱ्या तारा

सगळ्याच तारा अशा काढायच्या नसतात. गुडघ्याची वाटी किंवा कोपराचं मागचं टोक आडवं तुटलं की दोन के-वायर समांतर घालून त्यांच्याभोवती मऊ तार इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पिळून आवळतात. कोपराची ही पद्धत वेबर आणि व्हेसी यांनी १९६३ मध्ये मांडली. तिची युक्ती अशी की मागचा स्नायू तुकड्यांना एकमेकांपासून ओढतो, पण तार हाडाच्या बाहेरच्या अंगाला असल्यामुळे सांधा वाकवला की तीच ओढ आतल्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबते. म्हणून इथे, डॉक्टर सांगतील त्या मापात, लवकर हालचाल हवी असते. ही तार कातडीखाली असते, ड्रेसिंग फक्त टाक्यांचं. टेबलावर कोपर टेकला की टोचत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर छोट्या ऑपरेशननं काढतात. टोचत नसेल तर राहू दिली तरी चालतं.

रशियातल्या कुर्गान शहरात गावरील इलिझारोव या सर्जननी १९५० नंतरच्या दशकात गोल कड्यांना ताणून लावलेल्या अशाच तारांवर मोडलेले, आखूड राहिलेले पाय उभे केले. आणि आपल्या मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी के-वायर आणि छोट्या जोडण्यांची हलकी चौकट तयार केली, जेस नावाची. हाताच्या किचकट दुखापतींना आणि जन्मतः वाकड्या पावलांना ती लावतात. तुमच्याकडे यातली चौकट असेल तर वरचं ड्रेसिंग तसंच, फक्त भोकं जास्त आणि आठवडेही जास्त. चौकटीचे स्क्रू घरी फिरवायला सांगितले असतील तर कधी किती फिरवले ते वहीत लिहीत जा.

ज्यांच्या आत तार राहिली आहे त्यांनी ऑपरेशनचा कागद आणि शेवटचा एक्स-रे घरच्या कागदपत्रांत कायम ठेवावा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत जाण्याआधी तंत्रज्ञाला सांगायचं की अमुक ठिकाणी स्टीलची तार आहे. बहुधा करता येतो, तारेच्या आसपासचं चित्र तेवढं पुसट येतं. पण ठरवणार ते, आणि त्यासाठी तो कागद लागतो.